फाकल्या चाकांची फ्रेंच गाडी

पुण्याचे लोक मार्गासनीला जातात ते राजगड नाहीतर तोरणा चढायला. आम्ही दोघं गेलो ते एका जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल आणायला. तीन दिवस लागतील असं धरून निघालो होतो आणि तीनच लागले, पण त्यातलं ठरवल्याप्रमाणे जवळजवळ काहीच झालं नाही. वेल्हे-भोर भागात स्वतःची गाडी घेऊन कुणाला जायचं असेल, त्यातून ती गाडी आमच्यासारखी म्हातारी असेल, तर उपयोगी पडेल म्हणून लिहून काढते आहे.

आधी गाडीविषयी. ती फ्रेंच आहे. म्हणजे बनली आपल्याकडेच, पण आराखडा तिकडचा. लहान, डिझेलवर चालणारी, मागचं दार वर उघडणारी. चार वर्षांपूर्वी कोकणात कायमच्या राहायला निघालेल्या एका गृहस्थांकडून आम्ही ती घेतली. तोवर ती गाडी आपल्याकडे बनायची थांबली होती. त्यामुळे स्वस्त मिळाली, आणि त्याच कारणाने तिचे पार्ट मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी घेताना मला माहीत होत्या. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजचं स्टोअर सांभाळते, न मिळणाऱ्या वस्तू मिळवणं हे माझं रोजचं काम आहे. शिवाय सीट इतकी चांगली की कंबरदुखीमुळे पट्टा बांधून हिंडणारा माझा नवरा माधव या गाडीत पट्टा काढून बसतो. माधव गाडी चालवत नाही. तो नकाशा धरतो आणि कुठे काय खायला मिळतं ते लक्षात ठेवतो.

पहिले सहा महिने मला हॉर्नने छळलं. आपल्याकडे सगळ्या गाड्यांचा हॉर्न स्टिअरिंगच्या मध्यावर, हिचा इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला. समोर म्हैस आली की मी स्टिअरिंगच्या मध्यावर गुद्दे मारायची आणि म्हैस निवांत. हे सगळं मी एका वहीत लिहीत आले. डाव्या पानावर काय झालं, उजव्या पानावर कशाने बरं झालं. चार वर्षांत निम्मी वही भरली, पण रस्त्यात सोडून यावी लागली असं एकदाही झालं नाही.

मग दिवाळीनंतर मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकायला लागली. पुण्यातल्या मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली आणि सांगितलं, ॲक्सलच्या नळीतले बेअरिंग खलास झाले आहेत, ते सुटे मिळत नाहीत, अख्खा ॲक्सल बदलायला हवा, आणि तो कुठून आणायचा ते तुम्हीच बघा. टायर आतल्या कडेने दोन महिन्यांत गोटा होत होते. शेवटी माधव आणि मी बसून ठरवलं की जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारपर्यंत ॲक्सल मिळाला तर ठीक, नाहीतर त्या संध्याकाळी जुन्या गाड्यांचा एजंट येऊन गाडी भंगाराच्या भावात नेईल. एजंटाला तसं सांगूनही टाकलं. मी जिथे तिथे विचारून ठेवलं होतं, त्यातून त्याच आठवड्यात नसरापूरच्या संपत नावाच्या मेकॅनिकचा निरोप आला: मार्गासनीच्या पुढे एका वाडीत तुमच्यासारखीच गाडी दीड वर्ष बंद पडून आहे, मालक ॲक्सल द्यायला तयार आहे. मी तीन दिवसांची रजा टाकली.

बुधवार. नसरापूर, मार्गासनी

सकाळी सातला निघालो. हायवे रुंद करायचं काम चालू होतं, त्यामुळे बोगद्यापुढे सगळा रस्ता वळणावळणाचा आणि धुळीचा. मी चाळीसच्या वर गेले नाही. नसरापूरला पोचलो तेव्हा माधवची भजी खायची वेळ झाली होती आणि माझी संपतला गाठायची.

संपतचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे चिंच. पस्तिशीचा, बारीक, कानावर पेन्सिल. त्याच्या शेजारी पंक्चर काढणारे एक म्हातारबाबा बसतात. त्यांनी माझ्या गाडीच्या मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, म्हैस धारंला उभी ऱ्हाती तशी पाय फाकवून उभी ऱ्हातीया की तुमची गाडी." तिथे होते ते सगळे बघायला आले. पुण्यात दोन महिने हीच चाकं घेऊन मी फिरत होते, पण सिग्नलला कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. इथे पाचव्या मिनिटाला निदान झालं.

संपतने बेत सांगितला. तो उद्या नऊ वाजता टेम्पो, मोठा जॅक आणि गॅस कटर घेऊन वाडीत येणार. दीड वर्ष गोठ्यात उभी गाडी, बोल्ट गंजले असणार, फिरले नाहीत तर कापायचे. किंमत त्याने आधीच ठरवून ठेवली होती. मी विचारलं, कापल्यावर त्या गाडीचं काय? तो म्हणाला, "काय ऱ्हातंय मग ताई. भंगार."

नसरापूर सोडलं की रस्ता एकदम शहाणा होतो. डावीकडे राजगड सतत बरोबर चालतो, समोर तोरणा मोठा होत जातो. भात निघालेलं होतं. खाचरांत कापलेली बुडखी आणि बांधावर पावट्याचे वेल, घरांपुढे माचावर रचलेला पेंढा. मार्गासनीत एका दुकानात मी "फ्रेंच गाडी" म्हणून विचारायला सुरुवात केली, तर दुकानदार म्हणाला, "आबांची व्हय? यष्टीवाल्या आबांची?" आणि पुढचा सगळा रस्ता न विचारता सांगितला.

आबा अठ्ठावीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी अंगात खाकी शर्ट होता, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. त्यांनी आम्हाला नमस्कार करायच्या आधी माझ्या गाडीला एक फेरी मारली, मागे थांबून चाकं पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून च् केलं. मग म्हणाले, "या. आमची बी बघा."

गोठ्याचा अर्धा भाग गाडीने घेतला होता. तिच्यावर खताच्या पिशव्या उसवून शिवलेलं पांघरूण. आबांनी ते घडी घालत घालत काढलं, जसं कुणी शालूवरचं कापड काढावं. खाली तंतोतंत आमची गाडी. रंगसुद्धा तोच. काचा लख्ख, सीटवर टॉवेल, आणि मागची दोन्ही चाकं काटकोनात सरळ. इतकी सरळ चाकं मी दोन महिन्यांत पाहिली नव्हती.

आबांच्या बायकोला सगळी वाडी आक्का म्हणते. त्यांनी पाणी आणि गूळ दिला आणि लगेच गाऱ्हाणं मांडलं, "दीड वरीस झालं. ह्यांच्या गाडीला सावली आन् माज्या कालवडीला ऊन. रोज सकाळच्याला फडकं मारत्यात. मला कदी इचारलं न्हाई पाठ दुखती का म्हून." आबा ऐकलं न ऐकलं करून बोनेटवरची नसलेली धूळ झटकत होते.

गाडी कशी बंद पडली ते त्यांनी सांगितलं. रिटायर झाल्यावर फंडातून घेतली, का तर एकदा एका साहेबाला सोडायला म्हणून तिच्यात बसले आणि अठ्ठावीस वर्षांत कमरेला असा आराम मिळाला नव्हता. तीन वर्षं छान चालली. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजाराहून येताना चालता चालता गप्प झाली. ट्रॅक्टरने ओढून आणली. डेपोतले जुने मित्र आले, त्यांनी डिझेलच्या नळ्या खोलल्या, हवा काढली, फिल्टर बदलला, पुन्हा हवा काढली. दोनदा ट्रॅक्टरला बांधून फरफटवली. एकदा तरी धूर काढेल म्हणून सगळी वाडी बघायला उभी होती. काही नाही. डिझेल पंप गेला असं ठरलं, आणि तसा पंप कुठे मिळत नाही. "मंग म्हनलं," आबा म्हणाले, "उगं ठेवून काय. तुमची तरी चालंल."

त्यांना गाडी पडीक वाटू द्यायची नव्हती. चहा झाल्यावर ते घरात गेले आणि हातात बॅटरी घेऊन आले. ती दीड वर्ष घरात होती. लाइट गेली की तिच्यावर एक बल्ब लावायचे, मार्गासनीला नेऊन चार्ज करून आणायचे. बॅटरी बसवून त्यांनी मला दिवे दाखवले, इंडिकेटर दाखवले, दांडीच्या टोकाचा हॉर्न वाजवला. "ह्यो शिकायला मला चार म्हयनं लागलं," ते म्हणाले. मी म्हटलं, मला सहा. तेवढ्यावरून आमची ओळख झाली असं म्हणायला हरकत नाही.

मग त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली. स्टार्टर जोमात फिरला, इंजिन पेटलं नाही. "बगा. जीव हाय, पन धरत न्हाई."

मी ऐकत होते ते वेगळं. आमच्या गाडीत किल्ली अर्धी फिरवली की, स्टार्टर लागायच्या आधी, बोनेटखालून एक बारीक आवाज येतो. टक्. चार वर्षांत तो इतका सवयीचा झाला आहे की नसला तरच कळावा. आबांच्या गाडीत तो नव्हता. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा नव्हता.

वही पाहायची गरज नव्हती, ते पान मला पाठ होतं. आम्ही गाडी घेतल्यावर सातव्या महिन्यात ती स्वारगेटच्या चौकात अशीच गप्प झाली होती. या गाडीच्या डिझेल पंपावर अंगठ्याएवढी एक डबी असते. किल्ली फिरवली की तिला करंट मिळतो, आतली पिन टक् करून वर उचलली जाते आणि डिझेलची वाट मोकळी होते. करंट नसला की वाट बंद. मग हवा काढा, फिल्टर बदला, ट्रॅक्टर लावा, काही उपयोग नाही. आमच्या वेळी एका रिक्षांच्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत वायर बदलून दिली होती.

म्हणजे आबांची गाडी मेलेली नव्हती. निदान तसं असण्याची दाट शक्यता होती. आणि उद्या नऊ वाजता संपत गॅस कटर घेऊन येणार होता, माझ्या बोलावण्यावरून.

मी बोलले नाही. खात्री नसताना माणसाला उगाच आशा लावू नये, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण चांगलं होतं, पण खरं नव्हतं. खरं असं की मी त्या सरळ चाकांकडे पाहत होते.

उन्हं उतरल्यावर माधव आणि मी नदीकडे चालत गेलो. गुंजवणीला जानेवारीत पाणी घोट्याएवढं, गोटे दिसतात. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "वायर बदलायला किती वेळ लागेल?" मी म्हटलं, अर्धा तास. "मग संपत यायच्या आत होईल," तो म्हणाला. मी विचारलं, आणि आपली गाडी? "आपली रविवारपर्यंत आहे," माधव म्हणाला आणि पावट्याच्या वेलाकडे पाहायला गेला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याशी कधी वाद घातलेला नाही, फक्त माझ्या बेताला वेळ लावून देतो.

जेवणाचं लिहायला हवं. पावट्याची आमटी, नाचणीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि घरच्या आंबेमोहराचा भात. आपण पुण्यात भात शेवटी आणि थोडा खातो. इथे भात हेच जेवण आणि भाकरी सोबतीला. वासानेच पोट भरतं असं म्हणतात ते खोटं आहे, मी दोनदा घेतला. झोप चांगली लागली.

गुरुवार. आबांचा गोठा

सकाळी साडेसहाला बाहेर आले तर आबा गाडी धूत होते. बंबातलं गरम पाणी बादलीत घेऊन, साबण लावून, चाकांच्या आतूनसुद्धा. मी विचारलं, आज का? ते म्हणाले, "आज जायाची न्हवं. मळकट कशी द्यायची."

यानंतर गप्प राहण्यासारखं काही उरलं नाही. मी आमच्या गाडीतून हत्यारांचा डबा आणि हातभर वायर आणली आणि आबांना बोनेट उघडायला सांगितलं. डबी दाखवली, करंटची गोष्ट समजावली.

आबांना ते पटेना. ते मला समजावू लागले, लहान पोरीला समजावावं तसं. "ताई, डिझेलला करंटचं काय काम? करंट फकस्त स्टार्टरला. एकदा धरली का ब्याटरी काढून फेका, गाडी मुंबैला जाती. म्या नेलीया."

ते खरं बोलत होते. त्यांच्या एस.टी.ला बंद करायची तर दांडी ओढायची, ती डिझेल तोडते. दांडी कुणी ओढली नाही तर डिझेल चालूच. अठ्ठावीस वर्षं हातात तीच गाडी, डेपोतल्या मित्रांच्या हातातही तीच. त्यामुळे तिघाचौघांनी मिळून डिझेलची प्रत्येक नळी खोलली, पण वायरीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. जो कधी डिझेल गाडीच्या जवळ गेला नव्हता, त्या रिक्षांच्या इलेक्ट्रिशियनला आमच्या गाडीत ती पहिल्या नजरेत दिसली होती.

डबीची वायर मी हाताने मागे मागे तपासत गेले. बॅटरीच्या खाली ती उंदराने कुरतडलेली होती. दोन बोटांएवढा तुकडा नाहीसा. मी आमची वायर बॅटरीच्या एका टोकाला लावली आणि दुसरं टोक डबीला टेकवलं.

टक्.

आबांनी डोकं बोनेटमध्ये घातलं. "पुन्यांदा करा," ते म्हणाले. मी पुन्हा टेकवलं, पुन्हा आवाज आला. त्यांनी वायर काढून घेतली आणि स्वतः चार वेळा केलं.

कुरतडलेली दोन टोकं मी आमच्या वायरने जोडली. नळीवरचा रबरी फुगा दाबून दाबून डिझेल वर आणायला पाच मिनिटं गेली. आबा गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा केशरी दिवा विझेपर्यंत थांबले, मग पूर्ण. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा एक उचकी. तिसऱ्यांदा गोठाभर पांढरा धूर झाला, कोंबड्या उडाल्या, कालवडीने दावं ताणलं, आणि धुरातून त्या इंजिनाचा खडखड आवाज यायला लागला, जो मी झोपेतही ओळखीन.

आक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आबा खाली उतरले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग आत बसून किल्लीने गाडी बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. असं त्यांनी सहा वेळा केलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, "आता पुरं. तिला चक्कर येईल."

नऊला संपत आला. टेम्पोतून उतरल्या उतरल्या त्याने आवाज ऐकला आणि जॅक खाली ठेवला. "ताई, म्या कापाया आलो आन् तुमी जित्ती करून बसलाय. माजा दिस कोन भरून देनार?" त्याचा दिवस फुकट गेला नाही. आबांच्या गाडीचे ब्रेक धरून बसले होते, ते सोडवायला, तेल बदलायला आणि ती वायर नीट बसवायला त्याला दुपार झाली.

जेवायला बसलो तेव्हा आबांनी ताटाला हात न लावताच विषय काढला. ते म्हणाले, "ताई, म्या तुमाला शबूद दिलता. गाडी चालू झाली म्हून शबूद फिरत न्हाई. जेवून घ्या. संपत, ॲक्सल काढ."

संपत माझ्याकडे पाहायला लागला. मला कबूल करायला हवं की त्या सरळ चाकांचा विचार एकदा मनात आला. मग म्हटलं, "आबा, मी बंद गाडीचा ॲक्सल घ्यायला आले होते. चालत्या गाडीचा मला नको."

"आन् तुमची?"

"माझी रविवारी जाईल."

आबा जेवले नाहीत नीट. भात कालवत बसले. आक्कांनी दुसऱ्यांदा वाढायला घेतलं तसे एकदम म्हणाले, "भोरला करीमभाई हाय." संपतने मान हलवली. करीमभाईंचं भोरमध्ये लेथ मशीन आहे. उसाच्या रसवंतीचे रोलर, मोटरींचे शाफ्ट, जे जे झिजतं ते ते त्यांच्याकडे जातं. बेअरिंग मिळत नाही ना, मग त्याच्या जागी धातूचा बुश, म्हणजे नळीत घट्ट बसणारं कडं, बनवून बसवायचा. संपतला शंका होती. तो म्हणाला, त्या नळीत केसाएवढं माप चुकलं तर चाक फिरायचं नाही किंवा पुन्हा फाकेल. पुण्यातल्या मेकॅनिकनेही हेच कारण देऊन नाही म्हटलं होतं. पण पुण्यात करीमभाई नव्हते, आणि आबा म्हणाले मी येतो सोबत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आक्कांनी माझी ओटी भरली. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला तशी पाठवत नाहीत. खण, नारळ, आणि मूठभर तांदळाऐवजी पायलीभर आंबेमोहर. मी म्हटलं, आक्का, हे जास्त होतंय. त्या म्हणाल्या, "कालवडीचा गोठा रिकामा हुईल म्हनलं हुतं, तो बी झाला न्हाई. आता गाडी कायमचीच ऱ्हायली. घ्या गुमान." त्या रागावल्या होत्या की खूश होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवार. कामथडी, भोर

सकाळी लवकर निघालो. आमच्या गाडीत आबा पुढे, माधव मागे, आणि पाठोपाठ टेम्पो घेऊन संपत. कामथडीपाशी मागचा डावा टायर आतल्या कडेने फाटला. आमची स्टेपनी डिकीत नसते, डिकीच्या खाली लोखंडी पिंजऱ्यात टांगलेली असते आणि पिंजऱ्याचा बोल्ट डिकीतल्या गालिच्याखाली. मी सांगायच्या आत आबांनी गालिचा उचललेला होता. हिच्या चाकाला नट नसतात, बोल्टच आत जातात, त्यामुळे चाक अंगावर तोलून धरून भोकं जुळवावी लागतात. आबांनी बूट काढला आणि चाकाखाली पायाचा अंगठा घालून ते नेमकं उचलून धरलं. चार वर्षं मी त्यासाठी विटा वापरत होते. शेतातून एक बाई खुरपं घेऊन बघायला आली आणि विचारलं, काय झालं? आबा म्हणाले, "काय न्हाई. फ्रान्सची हाय. पाय दुकत्यात." आता स्टेपनी संपली होती. भोरपर्यंत मी तीसने गेले.

करीमभाईंचं वर्कशॉप एका बोळात आहे. साठीचे, जाड चष्मा, बोलणं इतकं हळू की लेथ चालू असताना ओठांकडे पाहावं लागतं. त्यांनी संपतला ॲक्सल काढायला लावला, आतला शाफ्ट बाहेर घेतला, पुसला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका बाजूला इतका खड्डा पडला होता की नख अडकत होतं.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले.

आबा शेजारच्या स्टुलावर बसले. मी कारण विचारलं. करीमभाई म्हणाले, खड्डा जाईपर्यंत शाफ्ट घासून गोल करता येईल, बुशही बनेल, पण मूळ माप काय होतं ते कळल्याशिवाय मध्य सापडणार नाही आणि चाक वाकडंच राहील. मूळ मापाची जागा झिजून गेली.

मी शाफ्ट हातात घेतला. स्टोअरमध्ये वीस वर्षं मी झिजलेल्या वस्तू परत घेते आहे, आणि झिजलेली वस्तू कधी पूर्ण झिजत नाही. बेअरिंग दोन टोकांना होते, मधल्या भागाला कुणी शिवलेलं नव्हतं. मी तो भाग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मायक्रोमीटर लावला, कागदावर आकडा लिहिला. पुन्हा दुसऱ्या जागी लावला. तोच आकडा आला.

"हितं बगितलंच न्हाई म्या," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

गनमेटलचा तुकडा लेथवर फिरायला लागला की पिवळा कीस केसांसारखा गळतो. दीडच्या आधी त्यांनी मशीन थांबवलं, हात धुतले आणि नमाजला गेले. त्यांच्या घरून आमच्यासाठी डबा आला होता: मसूर, भात, कांदा. आबांनी करीमभाई परत येईपर्यंत डबा उघडू दिला नाही. ते आल्यावर सगळे मिळून लेथशेजारी जेवलो. मी विचारलं, बुश किती टिकेल? करीमभाई घास संपवून म्हणाले, "रसवंतीला बसवलेला सात वर्सं चाललाय. त्यात तर ऊस घालत्यात. तुमच्यात मानसं बसनार." शिवाय त्यांनी नळीला एक ग्रीसचं निपल काढून दिलं. ते मूळच्या गाडीत नव्हतं. दर महिन्याला ग्रीस भरायचं, हे मी तिथेच वहीत लिहिलं.

बुश तयार झाल्यावर आबा म्हणाले, करीम, असलीच आणखी एक जोडी काढ. करीमभाईंनी विचारलं, कशाला? "माजी बी हाय," आबा म्हणाले. "आज सरळ हाय. उद्या फाकंल."

संपतने ॲक्सल चढवेपर्यंत पाच वाजले. भोरच्या बाहेर सपाट रस्ता लागला तसं आबांनी मला थांबायला सांगितलं. आम्ही सगळे उतरून गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहिलो. आबा उकिडवे बसले, एक डोळा मिटला, मग दुसरा. संपत त्यांच्या मागे वाकला. चाकं सरळ होती. माधवने बसून पाहण्याची तसदी घेतली नाही. तो म्हणाला, "मी एजंटला फोन करतो," आणि पलीकडच्या टपरीवरच्या फोनकडे गेला.

आबा उठले आणि माझ्यापुढे हात केला. "म्या चालवू का जरा? मागं बसा तुमी. मागंच कळतं ॲक्सल."

माधव फोन करून आला आणि पुढे बसला. चार वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बसले नव्हते. आबांनी सीट पुढे घेतली, आरसा बसवला आणि गाडी अशी काढली की गिअर कधी पडला ते कळलं नाही. गाडी थोडी कडक झाली होती, खड्डा सीटपर्यंत पोचत होता. पण मागून येणारा तो धडधड आवाज नव्हता. कापूरहोळला हायवे लागला, कामथडी गेली. टेम्पो मागे होता. नसरापूरच्या फाट्यावर संपत त्यांना उतरवून घेणार आणि वाडीत सोडणार असं ठरलं होतं.

फाटा आला. संपतचा टेम्पो वळला आणि त्याचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक. आबा सरळ गेले.

"आबा, तुमचा फाटा गेला," मी म्हटलं.

"बगितला म्या," ते म्हणाले. त्यांचा अंगठा दांडीच्या टोकावर होता, समोर उसाची बैलगाडी. "घाट लागस्तवर येतो. तितनं यष्टी मिळती मला."

माधवने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल काढली, पाय सीटवर घेतले आणि बाहेर बघत बसले.